एका फेरीचे पैसे एकदाच

कर्जत

चि. सोनूस,


टोलवसुलीच्या सॉफ्टवेअरच्या कामावर तुला घेतल्याचं ताईने कळवलं. छान झालं. पण अजाइल पद्धतीतल्या दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये गणिती स्पेसिफिकेशनला जागाच नसते, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. २००१च्या अजाइल जाहीरनाम्यात १७ जणांनी चालत्या सॉफ्टवेअरला जाडजूड दस्तऐवजांपेक्षा वरचं स्थान दिलं. आधी नेमका विचार करायला त्यांनी कुठेच मना केलेलं नाही.

आधी नेमका ठरवलेला नियम कसा टिकतो, ते आपल्या भोर घाटातल्या रेल्वेवर बघ. उतरणाऱ्या गाडीपुढचे सांधे एरवी कॅच सायडिंगकडेच, म्हणजे बेफाम गाडी अडवणाऱ्या आडमार्गाकडेच, लावलेले असतात. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक धरताहेत हे दिसलं, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. वेळापत्रकं किती बदलली तरी या नियमाला हात लागत नाही.

तुझ्या कामातले असे दोन-चार नियम आधी शोध. समज, खालापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले गेले, पण तसं उत्तर येण्याआधी संपर्क तुटला. यंत्रणा पुन्हा मागणी पाठवणार. म्हणून पहिला नियम: एका फेरीचे पैसे जास्तीत जास्त एकदाच कापायचे, दुसऱ्यांदा कधीही नाही. मात्र पैसे कधीच न कापणारी यंत्रणाही हा नियम पाळते! म्हणून दुसरा: प्रत्येक फेरीचा निकाल, वसुली किंवा नकार, केव्हातरी लागलाच पाहिजे. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी या दोन प्रकारच्या नियमांतला भेद १९७७ मध्ये मांडला. पहिल्या नियमावरच थांबणारे पुष्कळ असतात, तू थांबू नकोस.

त्यांच्याच टीएलए प्लस भाषेत यंत्रणेचं मॉडेल आणि हे नियम लिही. तिचा तपासनीस प्रोग्राम मॉडेलमधल्या सगळ्या शक्य अवस्था धुंडाळतो. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीत त्याने पकडलेली एक चूक उघडी पडायला ३५ पायऱ्या लागत होत्या. एवढी लांब साखळी टेस्ट लिहिणाऱ्याला सुचायची कशी? अर्थात मॉडेल बरोबर म्हणून कोड बरोबर ठरत नाही, टेस्ट लागतातच.

स्पेसिफिकेशन कोडशेजारीच ठेव आणि प्रत्येक स्टोरीबरोबर, म्हणजे नव्या मागणीबरोबर, बदलत जा. उद्या परताव्याची स्टोरी आली की आधी मॉडेलमध्ये परतावा घाल, तपासनीस चालव, मग कोडला हात लाव. पडद्यावरचे रंग आणि अहवालांचे रकाने यांत मात्र गणित आणू नकोस, तिथे डेमो पुरतो.

पहिलं मॉडेल लहान असू दे: दोन टॅग, एक नाका आणि केव्हाही तुटणारा संपर्क. रविवारी घरी येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये, बरोबर बसून चालवून पाहू.

तुझा,
मामा