तापलेलं अंग आणि अर्धी गोळी

धुळ्याला देवपुरात माझी धाकटी बहीण राहते. तिच्याकडे पाच वर्षं मनी नावाची मांजर होती. पांढरीशुभ्र, पाठीवर एकच तपकिरी डाग, वजन जेमतेम तीन किलो. 2023 च्या मे महिन्यात मनी गेली. तिला जे औषध दिलं गेलं ते जळगावहून फोनवर मी सांगितलं होतं, म्हणून हे मलाच लिहायला हवं.

सुरुवात मात्र आमच्या शेरूपासून करावी लागेल. तो प्रसंग आधीच्या डिसेंबरातला, आणि त्यातून मी पुरतं शिकले असते तर मनी कदाचित आज असती.

जळगावकडे थंडी पडली की शेताशेतांवर भरीत पार्ट्या सुरू होतात. असोदा, भादली, बामणोद या भागांतली मोठाली हिरवी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची. मग तेलात हिरवी मिरची, भरपूर लसूण, शेंगदाणे आणि वरून ढीगभर कांद्याची पात. सोबत पुऱ्या किंवा कळण्याची भाकरी. असोद्याला एका नातेवाइकांच्या मळ्यात आम्ही पंचवीस-तीस माणसं जमलो होतो. शेरूही बरोबर होता. नऊ किलोंचा गावठी कुत्रा, सगळ्यांच्या पानांभोवती घुटमळणारा. भरीत उरलं, ते आम्ही डब्यात भरून घरी आणलं आणि पुऱ्या कुस्करून दोन दिवस त्याला घातलं. त्यानं भांडं चाटूनपुसून साफ केलं. मिरची सोसते म्हणजे सगळं सोसतं, असं आम्ही धरून चाललो.

चौथ्या दिवशी सकाळी तो उठेना. अंगणातल्या पांढऱ्या फरशीवर त्यानं लघवी केली, ती कोऱ्या चहाच्या रंगाची होती. डॉक्टरांनी त्याचा वरचा ओठ बोटानं उचलला आणि मला म्हणाले, "बघा." एरवी गुलाबी असणारी हिरडी धुवून धुवून विटलेल्या फडक्यासारखी झाली होती. त्यांनी विचारलं, "तीन-चार दिवसांत याच्या पोटात कांदा-लसूण किती गेला?" भरिताचं सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

कांदा, लसूण, पात या सगळ्यांत गंधकाची काही संयुगं असतात. आपल्याला त्यांचा त्रास होत नाही, पण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांनी खराब होतात आणि फुटू लागतात. परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो. म्हणून आपण त्याचा संबंध परवाच्या जेवणाशी जोडत नाही. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तरी कुत्र्याला बाधू शकतो. शेरूच्या नऊ किलोंना हे प्रमाण 45 ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा कांदा. मांजराला याहून कमी पुरतो आणि लसूण कांद्यापेक्षा तीव्र. शिजवला, तळला, वाळवला, वाटून मसाल्यात घातला तरी तो दोष जात नाही. शेवभाजीच्या रश्शात भाकरी भिजवून कुत्र्याला घालायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. रोज थोडं थोडं जात राहिलं तरी नुकसान साचत जातं.

शेरू वाचला. सलाइन, औषधं, तीन आठवडे नुसता भात आणि उकडलेली कोंबडी, दोनदा रक्ततपासणी. मी स्वयंपाकघरात कांदा-लसणाबद्दल चिठ्ठी लावली आणि आपण शहाणे झालो असं समजले. आपल्या पोटाला चालतं ते त्यांच्या रक्ताला का चालत नाही आणि असं आणखी काय काय असेल, हे मी डॉक्टरांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

मग मे आला. खानदेशातला मे कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. पारा पंचेचाळिसाच्या आसपास, दुपारी रस्ते ओस, कूलरचं पाणीसुद्धा कोमट. अशा एका दुपारी दोनच्या सुमाराला बहिणीचा फोन आला.

"ताई, मनी सकाळपासून मोरीतल्या फरशीवर पडून आहे गं. काही खाल्लं नाही. कान कढत लागताहेत. काखेत थर्मामीटर धरला, एकशे एक आहे."

मी विचार केला नाही. तापाला आपण जे घेतो तेच डोक्यात आलं. "पॅरासिटामॉल असेल ना घरात? पाचशेची अर्धी गोळी पूड करून दुधातून दे."

तिनं दिली.

साडेपाचच्या सुमाराला मनीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. सातपर्यंत तोंड सुजलं, पुढचे पंजे सुजले. ती तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. बहिणीनं तिचा ओठ उचलून पाहिला, शेरूच्या वेळी मी तिला ते सांगितलं होतं. हिरडी पांढरी नव्हती, चॉकलेटी होती. आठ वाजता ती डॉक्टरांकडे पोचली. त्यांनी ऑक्सिजन लावला, उतारा सुरू केला, रात्रभर धडपड केली. मी पहाटेच्या एसटीनं निघाले. एरंडोल मागे पडलं, पारोळा यायचा होता, तेव्हा फोन आला.

त्या सकाळी डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं समजावलं.

पहिली गोष्ट अशी की मनीला बहुधा ताप नव्हताच. मांजराच्या आणि कुत्र्याच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा जास्त असते, साधारण 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइट. काखेत धरला तर आकडा थोडा कमी येतो खरा, तरी मनीचा एकशे एक हा बहुधा तिचा रोजचाच आकडा होता. आपल्या हाताला तिचं अंग नेहमीच कढत लागणार. उन्हानं ती मलूल होती, गार फरशी शोधून पडली होती. मांजर असंच करतं.

दुसरी गोष्ट गोळीची. पॅरासिटामॉलची विल्हेवाट लावायला आपल्या यकृतात जी व्यवस्था असते ती मांजरात जवळजवळ नसतेच. औषध अंगात साचतं, त्याचं विष होतं आणि ते थेट रक्तातल्या हिमोग्लोबिनवर पडतं. माणसाच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत अशा हल्ल्याला बळी पडणाऱ्या जागा दोन, कुत्र्याच्या चार आणि मांजराच्या आठ. रक्त तपकिरी होतं, प्राणवायू वाहून नेईनासं होतं. अर्धी गोळी म्हणजे 250 मिलिग्रॅम, मनी तीन किलोंची. किलोमागे 83 मिलिग्रॅम. मांजराला याच्या किती तरी कमी मात्रेतही विषबाधा होते. मांजरासाठी या औषधाची सुरक्षित मात्रा नाहीच.

ऐकताना मला शेरूची हिरडी आठवत होती. शेरूला भरितानं जे केलं तेच मनीला गोळीनं केलं, दोन्हींचा घाव तांबड्या पेशींवर. ती खूण मी पाच महिने आधी पाहिली होती.

बहिणीच्या सासूबाई दारात बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "माले दुखनं ते मी सांगस. हाई मुकं जनावर काय सांगी?"

तेव्हापासून ज्यांच्या घरी कुत्रं-मांजर आहे त्यांना मी सांगत असते. पहिलं म्हणजे, प्राणी ठणठणीत असताना त्याचा ओठ उचलून हिरडी पाहून ठेवा. बोटानं दाबा. क्षणभर पांढरी होते आणि दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी. काही प्राण्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, मग खालच्या पापणीची आतली बाजू बघा. चांगल्या दिवशीचा रंग डोळ्यांत बसला असेल तरच वाईट दिवशीचा ओळखू येतो. झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते तेही मोजून ठेवा. निरोगी मांजराची साधारण वीस-तीस वेळा होते, त्याहून कमीही असू शकते. कुत्रं उन्हात जीभ काढून धापा टाकतं ती त्याची अंग गार करायची रीत. पण मांजर बसल्या जागी तोंड उघडून श्वास घेऊ लागलं तर ते संकट समजा आणि उठा.

दुसरं, माणसांची कुठलीही वेदनाशामक किंवा तापाची गोळी परस्पर देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्यांच्याही पोटाची आणि मूत्रपिंडाची नासाडी करतात. कुत्र्याचं औषध मांजराला नको, हेही आमच्या भागात आवर्जून सांगावं लागतं. कुत्र्याच्या गोचिडांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. त्यानं कुत्र्याला काही होत नाही, मांजराला मात्र झटके येतात आणि जीव जाऊ शकतो. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेली फवारणी कुत्र्या-मांजरांवर मारणं तर त्याहून धोक्याचं. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याला घालू नका, चॉकलेटही नको.

चुकून काही पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. त्या मिठानंच जीव जाऊ शकतो. दूध-तूप पाजत बसण्यातही वेळ जातो. काय खाल्लं, किती, किती वाजता, प्राण्याचं वजन किती, एवढं कागदावर लिहा, गोळीचं पाकीट बरोबर घ्या आणि निघा. पॅरासिटामॉलवर एन-ॲसिटिलसिस्टिन हा उतारा आहे. माणसांना विषबाधा झाली तर हेच औषध देतात. पण त्याचा उपयोग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त. आमचे सहा तास "जरा वेळ वाट पाहू" यात गेले. जवळच्या पशुवैद्यकाचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा 1962 हा टोल फ्री क्रमांकही ठेवा. ती सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, तरी जवळचा दवाखाना कुठे ते विचारता येतं.

उन्हाळ्यात मांजर निपचित पडलं तर सावली, गार फरशी, दोन-तीन ठिकाणी पाण्याची भांडी, अंगावरून ओलसर हात. ऊन उतरल्यावर ते उठलं, खायला लागलं तर ठीक. एक दिवस उलटूनही अन्नाला तोंड लावलं नाही तर मात्र थांबू नका. मांजराला उपास सोसत नाही, त्याचं यकृत बिघडतं.

बहिणीकडे आता पुन्हा एक पिल्लू आहे. तिनं औषधाचा डबा वरच्या फळीवर हलवलाय आणि झाकणावर मार्करनं लिहिलंय, "आधी डॉक्टरांना फोन." तुमच्याही डब्यावर तेवढं लिहा. आणि आपलं जनावर पडून आहे, त्याचं अंग हाताला कढत लागतंय, पाकीट फोडून गोळी तळहातावर आलीय, अशी वेळ कधी तुमच्यावर आलीच, तर ती गोळी कृपा करून परत ठेवा.