पॅरिसमध्ये एसीची खोली, तीही परवडणारी

प्रश्न : जुलैमध्ये आईवडिलांना घेऊन पॅरिसला जाणार आहे. आईला उकाडा अजिबात सोसत नाही. एसी असलेली स्वस्त खोली मिळेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मिळेल, पण शोधावी लागेल. पॅरिस थंडच असणार, हा आपल्याकडचा समज सोडा. 25 जुलै 2019 रोजी तिथे 42.6 अंश तापमान नोंदलं गेलं. जुन्या इमारतींतल्या छोट्या हॉटेलांत बहुधा पंखाच देतात, तोही टेबलावरचा. त्यात जस्ताच्या पत्र्याखालची वरच्या मजल्यावरची खोली मिळाली, तर रात्रीही घामाघूम. फोटोतल्या सुंदर माळ्याला भुलू नका.

बुकिंग साइटवर एसीचा फिल्टर लावाच, पण तेवढ्यावर विसंबू नका. कधी एसी फक्त लॉबीत किंवा ठरावीक खोल्यांतच असतो. म्हणून तुमच्याच खोलीच्या सुविधा वाचा आणि हॉटेलला ईमेलने विचारा : खोलीत एसी आहे का, तो आपल्याला कमी-जास्त करता येतो का? लेखी उत्तर जपून ठेवा. मागच्या उन्हाळ्यातले अभिप्रायही चाळा.

पैसे वाचवायचे तर आयफेल टॉवर दिसणाऱ्या खिडकीचा हट्ट सोडा. ला देफाँस भागात कचेऱ्यांच्या कामासाठी येणाऱ्यांसाठी नवी हॉटेलं आहेत. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या मोसमात तिथले दर अनेकदा उतरतात. मेट्रोची 1 नंबरची लाइन तिथून थेट लुव्र संग्रहालयापाशी नेते. रद्द करता येणारं बुकिंग आताच करा. पर्यटक कर वेगळा पडतो, तो धरूनच दर ताडून पाहा. आणि लिफ्ट आहे ना, तेही विचारा.