ॲक्युपंक्चर : सुईचे सामर्थ्य व मर्यादा

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे तेथे ॲक्युपंक्चर शिकून ते कलकत्त्यात रुजविले. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस हा धागा मोलाचा वाटतो. परंतु प्राचीनत्व हा उपचाराचा पुरावा नव्हे. ज्या वाहिन्यांतून ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहते असे चिनी ग्रंथ सांगतात, त्या शरीरविच्छेदनात आढळत नाहीत. मज्जातंतू मात्र आढळतात. सुई त्यांना चेतविते, संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो आणि शरीर स्वतःचे वेदनाशामक, म्हणजे एंडॉर्फिन, स्रवते. १९७० च्या दशकातील काही प्रयोगांत अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन दिल्यावर सुईने आलेला आराम ओसरला, तो याचमुळे.

शस्त्रक्रियेनंतरची व केमोथेरपीची मळमळ, तसेच दातांवरील उपचारानंतरची वेदना यांत सुईचा उपयोग अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञमंडळाने १९९७ साली मान्य केला. जुनाट कंबरदुखीतही आराम पडतो. मात्र भलत्याच ठिकाणी टोचल्यानेही पुष्कळदा जवळजवळ तितकाच! मधुमेह वा कर्करोग सुईने बरा करण्याचे आश्वासन जेथे मिळेल, तेथून पालकांनी उठून यावे. सुई निर्जंतुक व एकदाच वापरावयाची आहे ना, हे विचारण्यासही संकोचू नये.