ऑफिसं खाली आणि घरं वर, असं का?

प्रश्न : शिकागोतल्या जॉन हॅनकॉक सेंटरचे फोटो मुलाने पाठवले. शंभर मजल्यांपैकी खाली दुकानं नि पार्किंग, मग ऑफिसं आणि त्यांच्या वर घरं! राहणाऱ्यांना खाली ठेवलं असतं तर त्यांची रोजची चढउतार वाचली नसती का? आणि इमारत वर निमुळती कशासाठी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्हींचं मूळ खिडकीत आहे. ऑफिसात खिडकीपासून लांबची जागाही चालते. मीटिंग रूम, फायलींची कपाटं, झेरॉक्स मशीन आतल्या अंगाला ढकलता येतं, ट्यूबलाइटखाली काम होतं. घरात झोपायच्या खोलीला खिडकी लागतेच. म्हणजे ऑफिसाला ऐसपैस मजला सोयीचा, घरांना आटोपशीर. म्हणूनच ही इमारत तळाशी साधारण ८० बाय ५० मीटर आहे, तर माथ्यावर ४९ बाय ३० मीटर. १९६९मध्ये ती उभी राहिली. आधी घरांचा आणि ऑफिसांचा असे दोन वेगळे टॉवर करायचं घाटत होतं. आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम यांनी ते एकावर एक रचले.

निमुळतेपणामुळे वाऱ्याचा माराही कमी बसतो. उरलेला भार बाहेरून दिसणाऱ्या पोलादी फुल्या पेलतात. ती करामत ढाक्यात जन्मलेले इंजिनिअर फजलूर रहमान खान यांची. चौरस मीटरमागे जेमतेम १४५ किलो पोलादात त्यांनी ३४४ मीटर उंची गाठली. काही घरांत मात्र खिडकीसमोरूनच तिरका खांब गेलेला दिसतो!

आता चढउतार. रहिवाशांचं प्रवेशद्वार वेगळं आहे. तिथून लिफ्ट मध्ये कुठेही न थांबता ४४व्या मजल्यावर जाते, पुढे लिफ्ट बदलायची. या मजल्यावर पोहण्याचा तलाव केला, किराणा दुकानाचीही सोय केली. दूध संपलं म्हणून रस्त्यावर उतरायला नको. शिवाय ऑफिसांच्या लिफ्ट खालीच संपतात, त्यामुळे अरुंद होत जाणाऱ्या वरच्या मजल्यांवर त्यांची जागा अडत नाही.

या रचनेची किंमत आज जास्त कळते. कोविडनंतर शिकागोच्या डाउनटाउनमधली बरीच ऑफिसं ओस पडली. लासाल स्ट्रीटवरच्या जुन्या ऑफिस-इमारतींत घरं काढायची योजना शहराने २०२२मध्ये आणली. पण रुंद मजल्याच्या पोटातल्या अंधाऱ्या जागेचं करायचं काय, हा पेच तिथे पडतोच. कुठे ती जागा गोदामाला किंवा व्यायामशाळेला द्यावी लागते, कुठे मधोमध चौक पाडून उजेड आत घ्यावा लागतो. दोन्हींत विकाऊ जागा कमी होते नि खर्च वाढतो. एकाच इमारतीत घर आणि ऑफिस दोन्ही हवं असेल, तर ते नकाशा काढतानाच ठरवलेलं स्वस्त पडतं.