साखर खाल्ल्याने जंत होत नाहीत



या पानात नेहमी लागण, खोडवा आणि खताच्या मात्रा असतात. या खेपेस शाळेत जाणाऱ्या लेकरांच्या पोटातील जंतांविषयी लिहितो.

पोराने गूळ-साखर जास्त खाल्ली की जंत होतात, हा समज गावोगाव पक्का आहे. कारखान्याचा माणूस आपल्या मालाची बाजू घेतो, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडा! गोडाने दात किडतात हे खरे, पण जंत अंड्यांतून येतात, आणि अंडी माणसाच्या विष्ठेतून. गोलकृमीची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. धुऱ्यावर शौच झाले की ती मातीत मिसळतात, दोन-तीन आठवड्यांत पिकतात आणि सावली व ओल मिळाली तर वर्षानुवर्षे टिकतात. उसाच्या वावरात या दोन्हींची काय कमी! तेथून नखांत, नखांतून भाकरीबरोबर पोटात.

अंकुशकृमीची तऱ्हा वेगळी. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, पुढे आतड्याला चिकटून रक्त पिते. पोरगं फिकं पडतं, वर्गात पेंगतं, आणि आपण त्याला आळशी ठरवतो.

२०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. नागपूरच्या नंदनवनातील शाळा असो की आपल्या शिवारातली, गोळी तीच: अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, चावून खायची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, कुटून पाण्यातून. दिवस बहुधा फेब्रुवारी व ऑगस्टमध्ये येतो. तारीख पुढे-मागे होते, म्हणून गुरुजींना विचारून ठेवावे. जंत जास्त असल्यास थोडी मळमळ होते, घाबरू नये. आजारी मुलाला मात्र त्या दिवशी देऊ नये.

पण गोळी पोटातले जंत मारते, मातीतली अंडी नाही. हुमणीला औषध टाकले आणि पहिल्या पावसानंतर कडुनिंबावरचे भुंगेरे गोळा केले नाहीत, तर पुढल्या साली काय होते ते आपण जाणताच. म्हणून शौचानंतर व जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, बोटांच्या बेचक्यांसह. नखे कापावीत. नुसत्या पाण्याने चिकट अंडी नीट सुटत नाहीत. पायात चप्पल हवीच.

फेब्रुवारीत गाळप जोरात असते. तोडणी मजुरांची लेकरे तेव्हा आपल्या गावची शाळा सोडून कोप्यांवर असतात, त्यामुळे गोळी हुकते. शाळेत नाव नसले तरी अंगणवाडीत ती मिळते. ज्यांच्या शेतात टोळी उतरली असेल, त्यांनी मुकादमामार्फत मुलांची संख्या अंगणवाडीताईंना आधी कळवावी.