आधी हद्द, मग दफ्तर

माजरी, ता. भद्रावती
१८ नोव्हेंबर

चि. भाचीबाईस,

तुझी यादी मिळाली. रजा चार दिवसांची आणि त्यात नागपूरचं पुराभिलेखागार, चंद्रपूरचं कलेक्टर ऑफिस, वरोऱ्याची तहसील, वणी, राजुरा, कॉलरीचं ऑफिस, शिवाय जमलं तर हैदराबाद! बाई, एवढं तर निवडणुकीतला निरीक्षकही फिरत नाही. पण तू केली आहेस ती कार्यालयांची यादी. प्रश्नांची यादी त्यात कुठेच नाही. माझा उभा जन्म पटवारकीत गेला. ‘आमच्या घराण्याचं काय असेल ते दाखवा’ म्हणत येणारा माणूस हात हलवत परत जातो. ‘मौजा अमुक, साल अमुक, खातेदार अमुक, फेरफार पंजी बघायची आहे’ म्हणणाऱ्याचं काम निदान सुरू तरी होतं.

तेव्हा प्रश्न मीच पाडून देतो. पहिला, माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, रेल्वेत गँगमन होऊन माजरीला आले, त्याआधी ते कोणत्या गावचे? दुसरा, माझ्या आजीचं राजुऱ्याकडचं माहेर कोणतं? तिसरा, तुझ्या बाबांच्या घरचं मूळ गाव कोणतं, ज्यावरून तुमच्याकडे दर दिवाळीला वाद होतो? यातला तिसरा सगळ्यांत सोपा आणि दुसरा सगळ्यांत अवघड. या खेपेला पहिला आणि तिसरा घे, दुसऱ्याला हात लावू नकोस. का ते खाली येईलच.

आपली माजरी तीन राजवटींच्या सांध्यावर आहे, हे आधी डोक्यात पक्कं बसव. वर्धा नदीच्या अलीकडचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तो १८५४ साली इंग्रजांनी खालसा केला आणि पुढे मध्य प्रांतात गेला. त्याचा जिल्हा चांदा. चंद्रपूर हे नाव १९६४ पासूनचं. वर्धा ओलांडून वणीकडे गेलीस की वऱ्हाड लागतं. ते नावाला निजामाचं, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, आणि १९०३ पासून तेही मध्य प्रांताला जोडलेलं. वणीचा तो जिल्हा आधी ‘वूण’ म्हणून लिहिला जायचा, १९०५ पासून यवतमाळ. खाली राजुरा तर थेट निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १९५६ साली ते नांदेडला जोडलं आणि १९५९ साली चंद्रपूरला. एका दिवसात मोटारसायकलवर फिरून होतील अशी ही तीन ठिकाणं, पण जमिनीचा हिशेब ठेवण्याच्या पद्धती तीन, लिप्या वेगळ्या, सालांची मोजणीसुद्धा वेगळी. कागद आज कुठे आहे हे आजचा जिल्हा सांगत नाही. त्या साली गाव कोणाच्या हद्दीत होतं, ते सांगतं. भद्रावती तहसील तर अलीकडची. पूर्वी भांदक काय, माजरी काय, सगळं वरोरा तहसिलीत मोडायचं. म्हणून जुन्या बस्त्यांसाठी पहिली चौकशी वरोऱ्याला करायची, हे भद्रावतीत कुणी सांगेलच असं नाही.

आता आजोबांचं. घरात दोन मतं आहेत. तुझी आई म्हणते वणीकडचे. धाकट्या काकांच्या मते नदीच्या अलीकडचे, वरोरा तहसिलीतले. हद्द ठरल्याशिवाय कोणत्याही दाराशी जायचं नाही. ती ठरवायला रेकॉर्ड रूम लागत नाही, त्याचा धागा माजरीतच आहे. माझ्या वडिलांचं नाव इथल्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आहे आणि त्यात जन्मस्थळाचा रकाना असतो. ती नक्कल मी तू यायच्या आत काढून ठेवतो. आजोबांचे रेल्वेचे कागद ट्रंकेत आहेत, तेही धुंडाळतो. या दोन्हींत एकच गाव निघालं तर अर्धं काम झालं समज.

गाव अलीकडचं निघालं तर तुझं नशीब बरं. इथे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार सरकारला भरायचा. जमीनसाऱ्याच्या बंदोबस्ताच्या वेळी गावोगाव मिसल तयार व्हायची. तिच्यात नुसता मालगुजार नसतो. त्याची सीर आणि खुदकास्त जमीन, मालिक मकबूजा, मौरुसी कास्तकार, साधी कुळं, प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, जात, राहण्याचं ठिकाण, लगान, सगळं ओळीने असतं. सोबत वाजिब-उल-अर्ज असतो. त्यात गावाची वहिवाट असते: गुरं कुठे चरायची, जंगलातून काय आणायची मुभा, रस्ता कोणाच्या शेतातून. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याला त्याची दोन पानं वंशवेलीपेक्षा जास्त सांगतात, असं माझं मत आहे. आपल्या जिल्ह्याचा पहिला मोठा बंदोबस्त लुसी स्मिथने केला, त्याचा अहवाल १८६९ चा. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली आणि त्यानंतर १९५४-५५ चा अधिकार अभिलेख तयार झाला. तू आधी हा १९५४-५५ चा कागद माग. तो देवनागरीत असतो, वाचता येतो, आणि त्यातला खातेदार ओळखीचा निघाला की तिथून मागे मिसलीत जाता येतं. उलट दिशेने, म्हणजे जुन्यातून नव्याकडे यायला गेलीस तर एका गावात एकाच नावाची माणसं ढीगभर भेटतील.

आणखी एक. गावाच्या नावापुढे ‘रिठ’ लिहिलेलं दिसलं तर घाबरू नकोस. गाव उठून गेलेलं असतं, पण महसुलात त्याचं नाव, नकाशा, खाती कायम असतात. तिथे ग्रामपंचायत शोधत फिरू नकोस, ते ज्या पटवारी हलक्यात पडतं त्याचा नंबर विचार.

गाव वऱ्हाडातलं निघालं तर यातलं मिसल-मालगुजार काही नाही. तिथे रयतवारी, खातेदाराचा संबंध सरळ सरकारशी, मुंबई इलाख्यासारखी सर्व्हे नंबरवार नोंद. मग वणीची तहसील आणि तिथलं भूमि अभिलेखाचं कार्यालय. जुनं पान मोडीत निघण्याची तयारी ठेव. मोडी वाचता येत नसेल तर तिथे बसून अंदाज बांधू नकोस, नक्कल घे आणि पुण्यात परतल्यावर जाणकाराकडून वाचून घे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही भरवतं. नकलेत नाव चुकीचं वाचलं तर तीच चूक पुढे तुझ्या नातवंडांपर्यंत जाईल.

जमीन नावावर नसेल तर माणूस या कागदांत दिसत नाही, हे मात्र लक्षात ठेव. सालदार, मजूर, आणि बहुतेक सगळ्या बायका. त्यांच्यासाठी कोतवाल बुक. गावात जन्म-मृत्यू झाला की कोतवाल तो पोलीस ठाण्याला कळवायचा, त्याच्या नोंदी. पण बाळाचं नाव शोधू नकोस, बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असते. ‘अमक्याला मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच, बापाचं नाव आणि जात. म्हणून बापाचं नाव आणि जन्माची अंदाजे दोन-तीन सालं हातात हवीत. जातीची नावंही त्या काळी लिहीत तशीच असतील, काही कानाला टोचतील. ती तशीच उतरवून घे, सुधारू नकोस.

कोतवाल बुक मागितलंस की काउंटरवरचा पहिला प्रश्न येईल, ‘व्हॅलिडिटीसाठी का?’ आपल्याकडे या दफ्तराला हात लावणारे शंभरातले बहुतेक जण जात पडताळणीवाले. अनुसूचित जातींना १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या, इतर मागासवर्गीयांना १९६७ च्या. त्यामुळे बाबूंचा हात त्याच सालांकडे आपोआप जातो आणि तीच पानं सगळ्यांत जास्त झिजलेली असतात. तू खरं सांग, घराण्याचा इतिहास लिहितेय म्हणून. थोडा अचंबा वाटेल, पण खोटं कारण देऊन अर्ज केलास तर पुढे प्रत्येक कागदाला तेच कारण चिकटतं. २०२३ साली कुणबी नोंदींची शोधमोहीम आधी मराठवाड्यापुरती आणि मग राज्यभर निघाली, तेव्हा जुने बस्ते कधी नव्हे ते उघडले गेले आणि पुष्कळ पानांचं स्कॅनिंग झालं. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ती आहेत. घरबसल्या आधी ते बघ. ‘आपले अभिलेख’वरही बघ. जे पडद्यावर दिसतं त्यासाठी रजा खर्च करू नये.

आणि पुण्यातच बसून करायचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे सातबारावरून मागे चालत जाणं. आपल्या कोणाही भाऊबंदाच्या आजच्या सातबारावर वर्तुळात फेरफार नंबर असतात. त्यातला सगळ्यांत जुना धर, तो फेरफार काढ, त्यात आधीच्याचा उल्लेख मिळतो. विहिरीत दोर सोडावा तसं एकेक हात खाली जायचं. वारसाचा फेरफार मिळाला तर सोनंच, कारण त्यात मेलेल्या माणसाचे सगळे वारस लिहावे लागतात, लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा. वंशवेलीत कधी न आलेल्या आत्या मी अशा फेरफारांत कितीतरी पाहिल्या आहेत.

तुझ्या बाबांच्या गावाचा वाद मात्र अर्ध्या दिवसात मिटेल. तुझे आजोबा कॉलरीत होते. खाण कायद्याने प्रत्येक कामगाराची नोंद ‘फॉर्म बी’ रजिस्टरात व्हायची: बापाचं नाव, वय, आणि कायमचा पत्ता, गाव-ठाणे-जिल्ह्यासकट. माजरीत आंध्र, छत्तीसगड, उत्तर प्रदेश, बिहार, कुठकुठची माणसं आली. त्यांतल्या कित्येकांच्या नातवंडांना मूळ गावाचं नाव फक्त त्या रजिस्टरातच सापडेल. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, माजरी क्षेत्राचं कार्यालय कुचन्याला आहे. नुसती जाऊ नकोस. आजोबांचं पूर्ण नाव, खाण, निवृत्तीचं साल आणि कोळसा खाण भविष्य निधीचा खाते क्रमांक घालून अर्ज आधी पाठव. बाबांकडे जुनी स्लिप असेलच. जमत नसेल तर माहितीच्या अधिकारात टाक. दहा रुपये आणि तीस दिवस, म्हणजे आजच टाकलास तर जानेवारीपर्यंत उत्तर हातात. हाच मार्ग जमीन खाणीत गेलेल्यांनाही आहे. इथे दोन एकराला एक नोकरी हे गणित लहान पोरालाही पाठ असतं, आणि त्या नोकरीसाठी घराघराने वंशावळ लिहून दिलेली आहे. भावाभावांची भांडणं इतिहासाच्या किती कामी येतात, ते या फायली उघडल्यावर कळतं.

आता राजुऱ्याचं. तिथलं दफ्तर १९५६ पर्यंत हैदराबादचं, पुष्कळसं उर्दूत, सालं फसली. फसली १३५० म्हणजे आपलं १९४०-४१. उर्दू वाचणारा माणूस सोबत हवा आणि आजीच्या वडिलांचं नाव हवं. आपल्याकडे दोन्ही नाहीत. नाव मिळेपर्यंत तिकडे जाणं म्हणजे निव्वळ पेट्रोल जाळणं.

नागपूरही या खेपेला नको. सिव्हिल लाइन्समधल्या पुराभिलेखागारात मध्य प्रांत सरकारच्या सचिवालयाच्या फायली आहेत. गँगमनचं नाव तिथे शोधायला जायचं नाही. एखाद्या बंदोबस्ताचा, दुष्काळाचा, जंगलबंदीचा प्रश्न पडेल तेव्हा जा, दोन दिवस फक्त त्यासाठी काढून. लुसी स्मिथचा अहवाल, ग्रँटचं १८७० चं गॅझेटियर आणि चांदा जिल्ह्याचं १९०९ चं गॅझेटियर छापील आहेत, ती पुण्यातल्या ग्रंथालयात वाच. गावाकडे येताना ती वाचून आलेली बरी.

तारखा बदल. तू डिसेंबर म्हणतेस, पण तेव्हा नागपूरला अधिवेशन. विदर्भातला प्रत्येक अधिकारी विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं लिहीत असतो, सहीसाठी साहेब जागेवर सापडत नाही. मार्चअखेर नको, जून-जुलै तर मुळीच नको, दाखल्यांच्या रांगा असतात आणि पूर आला की पाटाळ्याच्या पुलावरून वणीची वाट बंद. जानेवारीचा दुसरा आठवडा धर. २०२० पासून सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवार बंद असतात, त्यामुळे चार दिवस म्हणजे सोमवार ते गुरुवार, आणि शुक्रवार हाताशी ठेव. सोमवारी वरोरा: अर्ज, तिकीट, बस्ता निघाला की पाहणी. मंगळवारी गाव ज्या बाजूला निघेल तिकडे. बुधवारी कुचना. गुरुवार पूर्ण मोकळा ठेव. नक्कल ‘उद्या या’ होते, तो उद्या तुझ्या चार दिवसांत बसायला हवा. नक्कल तयार झाली नाही तर अर्जाची पोच माझ्याकडे ठेवून जा, मी आणून पाठवीन.

आधारची प्रत, पेन्सिल, कोरी वही. फोटो काढायच्या आधी विचार. काढू दिला नाही तर वाद न घालता उतरवून घे, आणि प्रत्येक नोंदीखाली कचेरीचं नाव, रजिस्टर, साल, पान लिही. त्याशिवाय ती नोंद पुन्हा कुणालाच सापडणार नाही, तुलाही नाही.

सगळ्या एक्स्प्रेस माजरीला थांबत नाहीत. तुझी थांबत नसेल तर वरोऱ्याला उतर, मी घ्यायला येतो. आणि त्याआधी आईला फोन करून एवढंच विचार, आजीच्या वडिलांचं नाव तिने कधी लग्नपत्रिकेत, मंगलाष्टकात, कुठे ऐकलं होतं का. कळलं तर लगेच कळव. म्हणजे राजुऱ्यात उर्दू वाचणारा कुणी मिळतो का, ते मी इथून बघून ठेवतो.

तुझा मामा