मधल्या वर्षांत काय बदललं?

‘दहावी-बारावीनंतर काय?’ हे व्याख्यान संपलं की सीईटी, कॅप राउंड, प्लेसमेंट असे ठरलेले प्रश्न येतात. हॉल रिकामा व्हायला लागतो, तशी एखादी आई मुलाला “तू खाली गाडीपाशी थांब” म्हणून पिटाळते आणि हळूच विचारते, “मॅडम, माझंही एम.कॉम. झालंय. आठ वर्षं घरी आहे. आता कोणी घेईल का?” हा लेख तिच्यासाठी आहे. तिच्या आईवडिलांनीही वाचावा. लेकीला शिकवलं ते वाया गेलं की काय, ही रुखरुख त्यांनाही असते; जावयासमोर बोलता येत नाही, एवढंच.

बहुतेक जणी किती वर्षं गेली ते मोजतात. त्यापेक्षा त्या वर्षांत आपल्या कामात काय बदललं ते बघा. गणिताची शिक्षिका दहा वर्षांनी वर्गावर गेली तर पुस्तक नवं असेल, अपूर्णांक तेच असतात. पण 2016मध्ये अकाउंट्स सोडलेल्या बाईनं परत टॅली उघडलं तर तिला तिचा व्हॅटही दिसणार नाही आणि सेवाकरही. 1 जुलै 2017ला जीएसटी आला, मागोमाग ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस आलं. तिला शिकायचं आहे ते एवढंच. डेबिट-क्रेडिट विसरलेलं नसतं.

आणि नियमच बदलतात, तेव्हा खुर्चीत बसलेल्यांनाही नव्यानं शिकावं लागतं, हे कुणी लक्षात घेत नाही. 1961चा प्राप्तिकर कायदा जाऊन 1 एप्रिल 2026पासून 2025चा कायदा लागू होतो. कलमांचे आकडे सगळ्यांनाच नवे. 1 जुलै 2024ला भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा ‘तीनशे दोन’ तोंडात बसलेल्या मुरलेल्या वकिलांनाही 103 क्रमांकाची सवय करावी लागली. एचआरमध्ये 29 कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता 21 नोव्हेंबर 2025पासून अमलात आल्या. अशा वेळी नवा कायदा नीट वाचून आलेली बाई मुलाखतीत समोरच्याच्या फार मागे नसते. परतायचा मुहूर्त बघायचाच असेल तर हा बघावा.

सहा महिन्यांच्या डिजिटल मार्केटिंगच्या कोर्सबद्दल मला हमखास विचारतात. तुमचं आधीचं काम त्याच्याशी जोडलेलं नसेल तर फी भरू नका. पदवी, अनुभव बाजूला ठेवून बावीस वर्षांच्या मुलांच्या रांगेत नव्यानं उभं का राहायचं? आधी आपल्या शहरातल्या वीसेक जाहिराती वाचा, प्रत्येकीत काय मागितलंय ते वहीत उतरवा. जे पुन्हा पुन्हा येतं आणि आपल्याला येत नाही, तेवढंच शिका. मग कामाला हात लावा. जुलै ते सप्टेंबर सीएच्या ऑफिसात रिटर्न आणि ऑडिटची झुंबड असते. त्या काळात अर्धवेळ काम मिळणं तुलनेनं सोपं. पैसे कमी मिळतील, पण ‘ही काम करते’ असं सांगणारं ताजं माणूस मिळेल. सर्टिफिकेटपेक्षा मी त्याला जास्त मोल देते.

सरकारी वाटेवर वय आडवं येतं. राज्य सेवेतल्या बहुतेक पदांना कमाल वय खुल्या गटात 38, मागासवर्गीयांना 43; बँकेच्या क्लार्क परीक्षेत खुल्या गटाला 28. म्हणून तिशीतल्या मुलीला “बँकेच्या परीक्षा दे” असा आग्रह धरण्याआधी जाहिरात वाचावी. टीईटी उत्तीर्ण असाल तर ते प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. पूर्वी सात वर्षं चालायचं. डॉक्टरांनी मेडिकल कौन्सिलची नोंदणी जिवंत ठेवावी. ती दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते आणि त्यासाठी 30 क्रेडिट पॉइंट लागतात, जे घरी असतानाही मिळवता येतात. विज्ञानातल्या जणींसाठी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची ‘वाइज-किरण’ योजना आहे. टाटा समूहानं 2008मध्ये खास परतणाऱ्या बायकांसाठी इंटर्नशिप सुरू केली. पुढे इतर मोठ्या कंपन्यांनीही असे कार्यक्रम काढले.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट ऐन वेळी घोळ घालते: नाव. मार्कशीट माहेरच्या नावानं, आधार-पॅन सासरच्या, जुना पीएफ तिसऱ्याच स्पेलिंगनं. नवी कंपनी कागदपत्रं तपासते तेव्हा हे बाहेर येतं आणि रुजू व्हायची तारीख पुढे जाते. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर आधी तो काढा. गरज असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्या. जुना यूएएन शोधा, आधारशी जोडा. हे काम नोकरी शोधायला लागण्याआधीचं.

रिझ्युमेत गॅप लपवू नये. तारखा जुळत नाहीत हे समोरच्याला लगेच दिसतं. ‘2017 ते 2025, मुलांच्या संगोपनासाठी ब्रेक’ अशी एक ओळ पुरे. ‘गृहव्यवस्थापक’ वगैरे सजावट नको. मुलाखतीत विचारलं तरी दोन वाक्यांत उत्तर द्या आणि कामावर या.

आता घरचा हिशेब. “पाळणाघराला इतके, रिक्षाला इतके, मग तुझ्या पगारातून उरणार काय?” हा प्रश्न घरोघरी येतो. पाळणाघर तिच्याच पगारातून का वजा करायचं? मूल दोघांचं आहे, खर्च दोघांच्या बेरजेतून जायला हवा. शिवाय पहिल्या वर्षीचा पगार हा पाचव्या वर्षीचा नसतो. अर्थशास्त्राचं 2023चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवलंय की आज स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी बरीचशी पहिल्या मुलानंतर उघडते, आणि रात्री-अपरात्री हजर राहणाऱ्याला अवाच्या सवा पैसे देणाऱ्या नोकऱ्या ती रुंदावतात. त्यामुळे नोकरी निवडताना पगाराइतकंच वेळेबद्दल विचारा. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय कायद्यानं बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. ऑफर हातात आली की हे विचारायला संकोच नको.

रुजू होण्याआधी नवऱ्याबरोबर बसून एक गोष्ट मात्र ठरवा: शाळेतून “मुलाला ताप आलाय, घेऊन जा” असा फोन आला की कोण निघणार. आजी-आजोबा असतील तर त्यांना गृहीत न धरता विचारा. गुडघे त्यांचे आहेत. पहिले सहा महिने शक्यतो नवऱ्यानं निघावं. त्याच्या ऑफिसात त्याची पत तयार झालेली असते, तिची अजून व्हायची असते.